आकडा जुळला होता

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार दुपार, जेवणं झालेली, मी सोफ्यावर आडवा. आई पुण्यात आमच्याकडे आली होती. ती म्हणाली, "अरे, आजीच्या त्या ओव्या लाव ना जरा. ती भावाची आहे बघ, शेवटी शेवटी म्हटलेली. ती लाव."

आता हे काम माझ्या अगदी आवडीचं. आपण घरातले संगणकवाले. लॅपटॉप उघडला, फोल्डर सापडायला दहा सेकंदंसुद्धा लागली नाहीत. 'आजी_ओव्या', आत १ ते ४३ अशा ओळीनं लावलेल्या एमपीथ्री फाइल्स. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त. आईच्या वहीत त्या ओवीपुढे ४१ आकडा लिहिला होता. ४१ वर क्लिक केलं.

काहीच ऐकू येईना.

आवाज वाढवला. स्पीकर बदलला. हेडफोन लावला. ४२ लावून बघितली, ४३ लावली. शांतता. मग मागे मागे गेलो. ३७ नंबरची फाइल चार-पाच मिनिटं व्यवस्थित वाजली, जात्याची घरघर, त्यावर आजीचा आवाज, आणि एका शब्दाच्या मध्येच सगळं थांबलं. ३८ ते ४३ पूर्ण मुक्या. १ ते ३६ ठणठणीत.

आई म्हणाली, "राहू दे, तुझं मशीन बिघडलं असेल." मशीन बिघडलेलं नव्हतं, हे मला तोवर कळलं होतं.

थोडं मागे जातो. एप्रिल २००८ मध्ये मी सुट्टीत आजोळी गेलो होतो. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. हातात नवीनच घेतलेला छोटा डिजिटल रेकॉर्डर होता आणि डोक्यात नवीन खूळ. आजीला म्हटलं, ओव्या म्हण. ती म्हणाली, आठवत नाहीत रे आता. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला होता आणि जातं पडवीत कोपऱ्यात पडून होतं. मावशीनं ते झाडून पुसून मधे ओढलं, मूठभर ज्वारी आणली आणि आजीला बसवलं. खुंटा हातात आला, दोन फेरे झाले, आणि मग तीन दिवस ती थांबली नाही. ४३ तुकडे, सरासरी दहा दहा मिनिटांचे. २०१२ मध्ये आजी गेली.

म्हणजे मी जे हरवून बसलो होतो, ते परत रेकॉर्ड करायची सोय नव्हती.

आता यातला खरा विनोद ऐका. माझं ऑफिसातलं काम डेटा स्टोरेजचं आहे. लोकांचा डेटा शाबूत कसा ठेवायचा, याचे मला पैसे मिळतात. तिथे प्रत्येक ब्लॉक लिहिला की त्याचा चेकसम लिहायचा, वाचला की ताडून बघायचा, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि घरी? घरी मी 'कॉपी-पेस्ट' केलं होतं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ३८ नंबरची फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली. (हेक्स एडिटर म्हणजे फाइलच्या पोटात काय आहे ते कच्चं, जसंच्या तसं दाखवणारं सॉफ्टवेअर.) पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत शून्यं. स्क्रोल करत गेलो, शून्यं संपेनात. फाइलचा आकार मात्र बरोबर होता. नाव बरोबर. तारीख २००८ ची, तीही बरोबर. पाकीट होतं, पत्ता होता, तिकीट होतं, आत कोरा कागद.

हा नमुना बघितल्यावर मला ती रात्र आठवली. २०१३. नवीन डेस्कटॉप घेतला होता आणि जुन्या डिस्कवरून सगळं त्यावर हलवत होतो. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली, खिडकी बंद झाली, आणि पुढच्या काही क्षणांत लाइट गेली. यूपीएस घ्यायचा राहिला होता. लाइट आल्यावर मशीन सुरू केलं, फोल्डर बघितलं. दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडल्या: ४३ फाइल्स, ४१२ एमबी. इकडे ४३, ४१२. आकडा जुळला. खूश होऊन मी जुनी डिस्क फॉरमॅट करून एका मित्राला देऊन टाकली.

इथे काय झालं ते सांगायला हवं, कारण हे तुमच्याकडेही होऊ शकतं. संगणक 'कॉपी झाली' असं म्हणतो तेव्हा डेटा डिस्कवर पोचलेलाच असतो असं नाही. तो आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीनं डिस्कवर उतरवतो. वाण्याच्या दुकानात 'लिहून ठेवा' म्हटल्यावर तो मान डोलावतो आणि खात्यात नंतर कधीतरी लिहितो, तसंच. फाइलसिस्टिम मात्र आपली स्वतःची वही फार जपते: कुठली फाइल, केवढी, कुठे ठेवलेली. ही माहिती जर्नलमध्ये जाते आणि लाइट गेली तरी सहसा टिकते. आतला मजकूर त्या वहीत नसतो. म्हणून असं होतं की लाइट आल्यावर फाइल दिसते, आकार दिसतो, आणि ज्या जागेत मजकूर यायचा होता तिथे शून्यं सापडतात. पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'सेफली रिमूव्ह' करा म्हणतात ते याचसाठी. मी ते वाक्य आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलोय.

पुढचा प्रवास तर आणखी भारी. २०१६ मध्ये मी ते सगळं फोल्डर क्लाउडवर चढवलं. क्लाउडनं ती शून्यं इमानेइतबारे जपली. एकही शून्य इकडचं तिकडे झालं नाही. नवीन लॅपटॉप आला तेव्हा शून्यं त्यावर उतरली. एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप घेतला तेव्हा तिथेही गेली. माझ्याकडे आजीच्या ओव्यांच्या तीन प्रती होत्या, आणि तिन्ही सारख्याच पोकळ. इतकी वर्षं मी 'आपल्याकडे बॅकअप आहे' या समाधानात होतो.

डेटा 'असणं' आणि 'शाबूत असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि शाबूत असणं याही दोन वेगळ्याच गोष्टी निघाल्या :-)

अर्थात या बाबतीत मी एकटा शहाणा नाही. गिटलॅबचा किस्सा आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. डेटाबेसची दुय्यम प्रत मागे पडत होती, ती नीट करताना एका दमलेल्या इंजिनिअरनं चुकून मुख्य सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच शिल्लक होते. ठीक आहे, बॅकअप आहे ना? तर बॅकअप आणि रेप्लिकेशन मिळून पाच सोयी होत्या, आणि त्यांच्याच शब्दांचा सारांश सांगायचा तर एकही धड चालत नव्हती किंवा मुळात लावलेलीच नव्हती. रोजचा डेटाबेस डंप चुकीच्या व्हर्जनच्या प्रोग्राममुळे होतच नव्हता. तो होत नाही हे सांगणाऱ्या ईमेल निघत होत्या, पण त्या वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी कामाला आला तो एक स्नॅपशॉट, सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेला. तरीही सहा तासांचा डेटा गेलाच: सुमारे पाच हजार प्रोजेक्ट्स, पाच हजार कमेंट्स आणि सातशे नवीन खाती.

त्यांचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी हे लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली, नंतर सगळा पंचनामा स्वतःच प्रसिद्ध केला. त्यातून मी जे शिकायला हवं होतं ते असं: बॅकअप घेतला ही बातमी नाही. त्यातून परत मिळवून बघितलं, ही बातमी. २०१७ मध्ये मी तो पंचनामा ऑफिसात सगळ्यांना वाचायला पाठवला होता. घरी येऊन एखादी ओवी शेवटपर्यंत वाजवून बघितली असती तर...

असो. वाजवून बघणं हा झाला माणसाचा मार्ग. ४३ फाइल्स म्हणजे सात तास. दर वेळी कोण ऐकणार? म्हणून मशीनचा मार्ग: चेकसम.

कल्पना जुनी आणि सोपी आहे. तुमचं आधार कार्ड काढा. १२ अंकांपैकी शेवटचा अंक तुमचा नाहीच. तो आधीच्या अकरा अंकांवरून गणितानं काढलेला आहे. त्या पद्धतीला व्हरहूफ म्हणतात, एका डच गणितज्ञाच्या नावावरून. एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि फॉर्म तिथल्या तिथे ओरडतो. क्रेडिट कार्डावर असाच पण जरा साधा प्रकार असतो, लूनचा.

फाइलसाठी हेच जरा मोठ्या प्रमाणावर करायचं. एसएचए-२५६ नावाचा प्रकार आहे. त्यात फाइल घाला, केवढीही मोठी, बाहेर ६४ अक्षरांची एक ओळ येते. फाइलमधला एक बिट बदला, ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. ती ओळ म्हणजे फाइलचा अंगठा. आज घेतलेला अंगठा आणि वर्षानंतर घेतलेला अंगठा जुळला, तर फाइल शाबूत. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांत ही सोय फुकट आहे, एका ओळीची कमांड.

आपल्याला वाटतं हे सगळं आपली फाइलसिस्टिम करतच असेल. नाही करत. विंडोजवर सर्रास चालणारी एनटीएफएस किंवा लिनक्सवरची एक्स्ट-फोर फाइलच्या आतल्या मजकुराचा चेकसम ठेवत नाहीत. झेडएफएससारख्या काही ठेवतात, आणि त्यात 'स्क्रब' नावाची सोय असते. म्हणजे ठरावीक काळानं सगळा डेटा वाचून ताडून बघायचा, बिघडलेला तुकडा दिसला तर दुसऱ्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करायचा. दर वर्षी मसाल्याच्या बरण्या उघडून उन्हं दाखवतात ना, तसं.

पण चेकसमचीही एक मेख आहे, आणि ती मला या प्रकरणात नीट कळली. समजा मी २०१३ मध्ये, लाइट आल्यावर, नव्या मशीनवरच्या फाइल्सचे अंगठे घेतले असते. काय झालं असतं? दर वर्षी ते तंतोतंत जुळले असते! शून्यांचाही अंगठा निघतो. चेकसम फक्त एवढंच सांगतो की तेव्हापासून काही बदललं नाही. 'तेव्हा' ते बरोबर होतं का, हे त्याला माहीत नसतं. ते एकदा तरी कुणीतरी कान देऊन ऐकावं लागतं. आणि जुनी प्रत फेकायच्या आधी ऐकावं लागतं.

दुसरं म्हणजे, चेकसम रोग सांगतो, औषध देत नाही. औषध म्हणजे दुसरी चांगली प्रत, आणि ती वेगळ्या वाटेनं आलेली हवी. माझ्या तिन्ही प्रती एकाच डेस्कटॉपच्या लेकी. मग मी विचार करायला लागलो: त्या रात्रीच्या आधी, २००८ ते २०१३ या काळात, मी या फाइल्स कुणाला दिल्या होत्या?

मावशीला. एक सीडी. २००८ च्या दिवाळीला तिच्यासाठी भाऊबीजेच्या पिशवीत घातलेली.

कऱ्हाडला फोन केला. मावशी म्हणाली, "आहे की. शोकेसमध्ये आहे, तुझ्या लग्नाच्या सीडीशेजारी." पुढच्या शनिवारी आई आणि मी गाडी काढून कऱ्हाडला. सीडी मिळाली. वर माझ्याच अक्षरात मार्करनं लिहिलेलं: 'आजी'. मागची बाजू बघितली आणि पोटात गोळा आला. मधोमधपासून थोड्या अंतरावर एक लांब आडवा चरा. मावशी म्हणाली, सुरुवातीला खूप ऐकायची, मग प्लेअर बिघडला, मग ती तिथेच राहिली.

आता सीडी ड्राइव्ह. आमच्या घरातल्या एकाही मशीनला तो नाही. ऑफिसातही नाही. हीसुद्धा डेटा मरण्याची एक तऱ्हा आहे, बरं का: डेटा जिवंत, वाचणारं यंत्र मेलेलं. शेवटी मावशीच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्यानं आतून एक यूएसबीचा ड्राइव्ह काढून दिला. "लग्नाच्या सीडी घेऊन अजून लोक येतात," म्हणाला. चहाही पाजला.

सीडी सरळ कॉपी करायला गेलात तर पहिल्या चऱ्याशी अडकून पडते. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतं, आणि मग अडलेल्या जागांकडे परत परत जातं, छोट्या छोट्या घासांनी. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं याचा नकाशा ठेवतं. ते रात्रभर चालू ठेवलं. मावशीच्या दिवाणखान्यात तो ड्राइव्ह घुर्र घुर्र करत होता. आई म्हणाली, "जात्यासारखाच आवाज आहे."

सकाळी ३७ आली, पूर्ण. ३८, ३९, ४० आल्या. ४२ आणि ४३ आल्या. ४१ मध्ये पहिली तीन मिनिटं होती आणि शेवटची तीन. मधली चार चऱ्याखाली गेली. आईला हवी असलेली भावाची ओवी त्या चार मिनिटांत होती.

मी जरा गप्पच झालो. सहा दिल्या, एक नेली, असा हिशोब मनात करत होतो. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यात काय एवढं, मला येते की ती." आणि तिनं म्हणायला सुरुवात केली. मी धावत जाऊन फोन चालू केला.

दुसऱ्या ओळीला मावशीनं अडवलं. "असं नव्हतं गं. आई तिथे 'पाहुणा' म्हणायची."

"नाही नाही, 'राजस' म्हणायची."

"तू सासरी गेलीस त्यानंतर दहा वर्षं मी ऐकलंय तिला!"

दोघींचं चांगलंच जुंपलं. मी मधे बसून रेकॉर्ड करतोय आणि विचार करतोय, की यातलं खरं कुठलं?

तिथे मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये पुरं झालं. विष्णु सीताराम सुखटणकर हे त्याचे पहिल्या काळातले प्रमुख संपादक, १९४३ मध्ये ते गेले आणि पुढच्यांनी काम तडीला नेलं. मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. होती ती देशभरातली वेगवेगळ्या लिप्यांतली हस्तलिखितं, एकूण १,२५९, आणि प्रत्येकात कुठे ना कुठे फरक. त्यांनी ती शब्दाला शब्द लावून ताडून बघितली. जुना पाठ ठरवून तो वर छापला. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, बाकीचे पाठ फेकून दिले नाहीत. ते खाली तळटीपांत ठेवले, कुठल्या प्रतीत काय आहे त्यासकट. उद्या कुणाला वाटलं की संपादक चुकले, तर त्याला तपासता यावं म्हणून.

आपल्याकडे शब्द जपण्याच्या दोन्ही टोकांच्या तऱ्हा आहेत. एकीकडे वेदपाठी मंडळी. ते मंत्र नुसता सरळ पाठ करत नाहीत. जटापाठात पहिला-दुसरा शब्द, मग दुसरा-पहिला, मग पुन्हा पहिला-दुसरा, असं गुंफत जातात, आणि घनपाठात तर तीन तीन शब्दांचा गोफ विणतात. एक शब्द घसरला तर गोफ तिथेच अडकतो. हा चेकसमच, फक्त तोंडी. आणि दुसऱ्या टोकाला जात्यावरची ओवी. तिला पहारेकरी कुणी नाही. जी बाई दळायला बसेल ती आपल्या भावाचं नाव घालणार, आपल्या गावचा देव घालणार, आईची एक ओळ घेऊन स्वतःची दुसरी जोडणार. ओवी बदलली म्हणून बिघडली असं नाही. ती तशीच चालत आली.

अशा ओव्या जपण्याचं मोठं काम पुण्यातूनच झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना आणि बायकांना बरोबर घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर २०१७ पासून प्रसिद्ध होत आल्या आहेत, कुणी म्हटली, कुठल्या गावात म्हटली या नोंदींसह. ही नोंद फार मोलाची. 'कुणाकडून आलं' हे माहीत नसेल तर डेटा शाबूत असला तरी त्याचा अर्थ अर्धा.

म्हणून मी आता काय केलंय ते सांगतो, आणि थांबतो. (उपदेश वाटला तर वाटू दे. मी फी भरलेली आहे.)

फाइल ४१ जशी मिळाली तशीच ठेवली, मधलं भोक न बुजवता. तिच्याशेजारी ४१-आई आणि ४१-मावशी अशा दोन नवीन फाइल्स. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलं: काय कुठून आलं, कुठली चार मिनिटं गेली, कशामुळे गेली. मग सगळ्या फाइल्स पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. दोन शनिवार-रविवार गेले. बायकोनं आणि मुलीनंही ऐकल्या, कंटाळत, मग न कंटाळता. ऐकून झाल्यावरच अंगठे घेतले. अंगठ्यांची यादी फाइल्सपासून वेगळी ठेवली, छापूनसुद्धा. फाइल बदलणाऱ्याला यादी बदलायलाही तिथेच मिळाली तर यादीचा उपयोग काय?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. हा ३-२-१ नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं मांडलाय, आमच्यासारख्यांनी नव्हे. फोटो हेच ज्याचं पोट आहे त्याला बरोबर सुचलं. माझी एक प्रत लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, एक डिस्क कऱ्हाडला मावशीच्या कपाटात. ती डिस्क कशालाही जोडलेली नसते, हे मुद्दाम. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं तेव्हा त्यानं एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पसरत लोकांच्या फाइल्स कुलूपबंद केल्या. कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्क अशा वेळी लॅपटॉपबरोबरच बुडते. शिवाय 'सिंक' म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे पुसलं की ते तिकडेही तत्परतेनं पुसतं.

कुलपाचं म्हणाल तर ओव्यांना कुलूप घातलं नाही. ओव्या जितक्या जास्त घरांत जातील तितक्या सुरक्षित, म्हणून मामेभावंडं, मावसभावंडं, सगळ्यांना वाटल्या. आधार-पॅनचे स्कॅन, जमिनीचे उतारे, बँकेची कागदपत्रं यांचं उलटं आहे. ती एन्क्रिप्ट करून ठेवली. मात्र एन्क्रिप्ट केलेल्या डेटाची किल्ली हरवली तर तो डेटा आणि माझी ती शून्यं यांत काही फरक नाही. माझा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात होता, आणि माझं डोकं हीसुद्धा एकच प्रत. आता तो कागदावर लिहून पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय, आणि बायकोला लॉकरची किल्ली कुठे आहे ते माहीत आहे. तिनं एकदा माझ्यासमोर, मी काहीही न सांगता, तो कागद वापरून फाइल उघडूनही दाखवली. पहिल्या वेळेला जमलं नाही. माझ्या अक्षरातला १ तिला ७ वाटला.

दर तीन महिन्यांनी आता लॅपटॉप आपोआप अंगठे ताडून बघतो. आणि मी आठवण लावून ठेवली आहे की त्या दिवशी कुठलीही एक फाइल उचलून कानानं ऐकायची, शेवटपर्यंत.

काल पहिली पाळी होती. मुलीनं डोळे मिटून बोट ठेवलं, २३ आली. दहा मिनिटं आम्ही तिघं आजीला ऐकत बसलो. मधे एका ठिकाणी ती थांबून कुणाला तरी विचारते, "चालू हाय का रं ते?" आणि २००८ मधला मी म्हणतो, "हो, चालू आहे, म्हण तू."

आईला फोन करून सांगितलं की २३ व्यवस्थित आहे. ती म्हणाली, "बरं झालं. आणि ऐक, मावशीला सांग, 'राजस'च होतं."